अर्धी ओळ

"काऊन वो, घरात अशी गरगर कायले फिरून राहिली? बसून दोन घास खाय ना," आई म्हणाली.

रचना बसली, दोन घास खाल्ले आणि पुन्हा उठली. गोंदियाला जाणारी गाडी यायला अजून वेळ होता, पण तिला तिरोड्याच्या त्या घरात थांबवत नव्हतं. बाहेर तीन दिवसांपासून पाऊस धरून होता. ती अंगणात जाऊन आभाळाकडे बघून आली, ओट्यावरची चप्पल सरळ केली, परत आत आली.

"कोनाशी भांडन झालं का?" आईने विचारलं.

"नाही गं. पाणी कमी पडते."

"एवढ्या पावसात?"

कमी पडत होतं ते कॉम्प्युटरमधलं पाणी होतं.

रचना रंगारी गोंदियाच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात संशोधन सहायक होती. साल २०१०. विभागप्रमुख रहांगडाले सरांनी एक काम आणलं होतं. जिल्ह्यातला डोंगरतलाव तुडुंब भरला आणि त्याची दारं उघडावी लागली, तर खालच्या कोणत्या गावात किती पाणी शिरेल, याचा नकाशा करायचा होता. प्रयोगशाळेतले आठ कॉम्प्युटर त्यासाठी एकमेकांना जोडले होते. तलावाखालचा सगळा मुलूख लहान लहान चौकोनांत आखला आणि वरून खाली आठ आडव्या पट्ट्यांत कापला. एकेका कॉम्प्युटरकडे एकेक पट्टा. आपापल्या पट्ट्यातलं पाणी कुठे किती चढलं हे प्रत्येकाने मोजायचं आणि पट्टा संपतो तिथली चौकोनांची शेवटची ओळ खालच्या शेजाऱ्याला कळवायची. त्या ओळीवरूनच पाणी एका पट्ट्यातून पुढच्यात उतरायचं. एका कॉम्प्युटरला दोन-तीन दिवस लागणारं काम असं आठांनी मिळून केलं, की सकाळी सुरू करून संध्याकाळपर्यंत हातात यायचं.

पाणी कसं वाहतं याचं गणित गजेंद्र तुरकरने लिहिलं होतं. गजेंद्र कामठ्याचा, घरची धानाची शेती, रचनाच्याच वर्गातला. सरांचा जुना प्रोग्राम फोर्ट्रान या कॉम्प्युटरच्या जुन्या भाषेत होता, म्हणून त्यानेही फोर्ट्रानच धरलं. जमिनीचे चढउतार वाचणं, पट्टे पाडणं आणि शेजाऱ्याकडून आलेली ओळ उतरवून घेणं हा भाग रचनाचा. तो तिने सी भाषेत लिहिला. या दोन भाषांमध्ये आणि आठ कॉम्प्युटरांमध्ये आकड्यांची ने-आण करायला एमपीआय नावाची तयार व्यवस्था होती. तिला फक्त सांगायचं, की आकडे किती, कोणत्या जातीचे आणि कोणाकडे पोचवायचे.

नकाशा जूनमध्येच जिल्ह्याच्या बैठकीत गेला होता. तलावातून निघणाऱ्या नाल्याच्या पश्चिमेकडच्या चार गावांवर त्यात निळा रंग होता. पूर्वेकडे कोरडं. सगळ्यांना तो पटला, कारण मोठ्या पुरात पाणी पश्चिमेकडेच जातं हे लोकांनाही माहीत होतं. सरांचं कौतुक झालं. गजेंद्रने प्रयोगशाळेत समोसे आणले.

आता ऑगस्टच्या शेवटी तलाव खरंच भरत आला, तेव्हा रचनाने सहज एक बेरीज करून बघितली. दारांतून सोडलं तेवढं पाणी खालच्या जमिनीवर कुठे ना कुठे असायला पाहिजे. ते नव्हतं. बरंच पाणी कुठेच नव्हतं. चार दिवस ती तोच हिशेब वेगवेगळ्या वाटांनी मांडत होती आणि दर वेळी पाणी कमीच भरत होतं.

*

"टेन्शन कायले घेते यार," गजेंद्र म्हणाला. "नकाशाच्या काठावरून बाहेर गेलं असंल."

"बाहेर गेलेलं मी धरलंय."

"मंग दशांशाच्या पुढचे आकडे कापल्या जातेत, त्याच्यानं. थोडाफार फरक येतेच."

"थोडाफार नाही, गजेंद्र. बघ तरी."

त्याने तिचा कागद हातात घेतला आणि बघितल्यासारखं केलं. त्याचं लक्ष नव्हतं. घरून सारखे फोन येत होते. शेतात, धानाच्या बांध्यांमध्ये पाणी चढलं होतं. खिडकीबाहेर कॉलेजच्या मैदानाचं तळं झालं होतं. लोडशेडिंगमुळे सकाळपासून वीज दोनदा गेली होती आणि इन्व्हर्टर कुईकुई करत होता.

रचना खुर्चीवर टेकली, उठली, दारापर्यंत गेली, परत आली. तिला नवीन काही सुचत नव्हतं. मग तिला वाटलं, पाणी, जमीन, सगळं बाजूला ठेवू. नुसती ओळ पाठवून बघू. तिने दहा चौकोनांची एक ओळ केली, तिच्यात एक, दोन, तीन असे दहापर्यंत आकडे भरले आणि गजेंद्रच्या फोर्ट्रानकडून आपल्या सीकडे, या टेबलावरून त्या टेबलावर पाठवली.

पलीकडच्या पडद्यावर आलं ते असं: एक, दोन, तीन, चार, पाच, शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य.

तिने पुन्हा पाठवली. पुन्हा तेच.

"गजेंद्र," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण तो फोन ठेवून आला.

त्याने पडद्यावरचे आकडे बोटाने मोजले. मग म्हणाला, "अर्धीच ओळ आली."

"अर्धीच येते. प्रत्येक वेळी. पश्चिमेकडून सुरू होते आणि मधे तुटते. पूर्वेकडचा अर्धा भाग कधी पोचतच नाही. सुरुवातीला तिथे शून्य होतं, तर शेवटपर्यंत शून्यच."

"पन एरर काऊन येत नाही?"

त्याचंच उत्तर शोधायला त्यांना तासभर लागला. उत्तर सापडलं ते प्रोग्राममध्ये नाही, लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरला द्यायच्या सूचनांमध्ये. उन्हाळ्यात गजेंद्रने तिथे एक सूचना वाढवली होती. फोर्ट्रानमध्ये 'रिअल' म्हटलं की चार बाइटांची जागा घेणारा आकडा. बारीक हिशेबाला तो अपुरा पडत होता. म्हणून त्याने कंपायलरला सांगितलं, की इथून पुढे प्रत्येक रिअल आठ बाइटांचा धर. त्याने धरला. रचनाच्या सीमध्येही आकडे आठ बाइटांचेच होते. दोन्ही भाषांचं छान जमलं होतं. पण मधे वाहून नेणाऱ्या एमपीआयला ती सूचना कोणी दिलीच नव्हती. गजेंद्रची ओळ पाठवताना एमपीआयला सांगितलं जायचं, 'दहा रिअल ने'. आणि तिच्या लेखी रिअल म्हणजे अजून चारच बाइट. ती दहा गुणिले चार, चाळीस बाइट उचलायची, म्हणजे आठ-आठ बाइटांचे खरे पाचच आकडे, आणि नेऊन ठेवायची. रचनाकडे दहांची जागा तयार असायची. जागेपेक्षा जास्त आलं असतं तर बोंब झाली असती. कमी आलं तर कोणी काही बोलत नाही.

"मी टाकली ती लाइन," गजेंद्र म्हणाला. "मले वाटलं हिशेब अजून पक्का होईल."

"आणि किती आलं ते मी कधी विचारलं नाही. विचारता येतं. प्रोग्राममध्ये एका ओळीचं काम आहे." तिने की-बोर्ड पुढे ओढला. "ते राहू दे आता. दुरुस्त करून चालव."

दुरुस्ती एका शब्दाची होती. आठही कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाले. पंख्यांचा आवाज वाढला. गजेंद्र दाराजवळ उभा राहून नखं कुरतडत होता, आणि रचना दर थोड्या वेळाने वाकून विजेचा दिवा लागला आहे ना ते बघत होती. पूर्ण नकाशा व्हायला वेळ लागणार होता, म्हणून तिने फक्त दारं उघडल्यानंतरचे पहिले काही तास मागितले होते.

दुपारी नकाशा पडद्यावर आला. पश्चिमेकडची चार गावं पूर्वीसारखीच निळी होती. पण या वेळी पूर्वेकडेही एक निळी रेघ उतरत गेली होती. तिथे जुना, बुजलेला नाला होता. कागदावर तो कोणी नाला म्हणून दाखवतही नव्हतं. रेघ एका ठिकाणी फुगली होती. तिथे नाव होतं हिरडीटोला. कमरेच्या वर पाणी.

जूनच्या नकाशात हिरडीटोला सुरक्षित होता.

*

रहांगडाले सर त्या दिवशी नागपूरला होते. फोनवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाच विचारलं, "पुन्हा चालवून बघितलं?"

"रचना, कालपर्यंतचा नकाशा चूक आणि आजचा बरोबर, हे मी त्यांना कसं सांगू?"

"जसं झालं तसं सांगा, सर."

"हं," ते म्हणाले. "मी करतो फोन."

परत फोन आला तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. तलावाची मातीची पाळ एका ठिकाणी पाझरू लागली होती. दारं थोडीच उघडी होती, ती आता पूर्ण उघडावी लागणार होती. थांबवणं कोणाच्या हातात नव्हतं. लोकांना हलवायला जीप होत्या, पण त्या पश्चिमेकडच्या चार गावांत, नाल्याच्या पलीकडे अडकल्या होत्या. "आपल्याच नकाशाप्रमाणे," सर म्हणाले. "पूर्वेकडे दुसरी गाडी काढतो म्हणाले. कधी निघेल सांगता येत नाही."

रचनाने फोन ठेवला आणि पिशवी उचलली.

"कुठं?" गजेंद्रने विचारलं.

"हिरडीटोल्याला. तुझी गाडी आहे ना?"

त्याने चावी आधीच हातात घेतली होती.

दोघं पावसात मोटरसायकलवर निघाले. रचना मागे बसली होती, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला नकाशा पोटाशी धरून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या काठोकाठ भरल्या होत्या. एका जागी रस्त्यावरून पाणी वाहत होतं, तिथे तिने उतरून पुढे चालून खोली बघितली. तिला सारखं वाटत होतं, की आपण उगाच निघालो. आणि लगेच वाटत होतं, की उशीर झाला. हिरडीटोल्यात ती कधी गेली नव्हती. तिथे तिच्या ओळखीचं कोणीच नव्हतं.

टोला म्हणजे तीस-पस्तीस घरं, एक अंगणवाडी, आणि थोड्या उंचावर शाळा. माणसं ओट्यांवर बसून पश्चिमेकडच्या नाल्याकडे बघत होती. नाला खूप लांब होता आणि पाणी त्याच्या काठाच्या आतच होतं.

अंगणवाडी सेविकेचं नाव शामकला. चाळिशीची, ठेंगणी, साडीचा पदर कमरेला खोचलेला. तिने दोघांना आत घेतलं, मुलांना एका बाजूला सरकवलं आणि रचनाचं बोलणं उभ्यानेच ऐकलं. दाराशी माणसं जमली.

"इथं कई पानी येत नाही, मॅडम," मनिराम म्हणाला. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ. "मागच्या मोठ्या पुरात बी नाही आलं. तिकडच्या गावाईत येते."

"मागच्या वेळी तलावाची दारं एवढी उघडली नव्हती," गजेंद्र म्हणाला.

"ग्रामसेवकानं नकाशा दाखवला ना आमाले. आमच्या गावाले रंगच नवता."

"तो नकाशा आम्हीच केला होता," रचना म्हणाली. "तो चुकला."

कोणीतरी मागे हसलं. मनिराम हसला नाही. "मंग आजचा कायवरून बरोबर?"

या प्रश्नाचं उत्तर ती वाटेत जुळवत आली होती. फोर्ट्रान, सी, चार बाइट, आठ बाइट. इथे, या दारात, ते कशाच्या कामाचं नव्हतं.

"आम्ही कॉम्प्युटरकडून पूर्ण जमिनीचा हिशेब मागितला होता," ती म्हणाली. "त्याने अर्ध्याच जमिनीचा केला. तुमची बाजू बघितलीच गेली नाही. नकाशात रंग नव्हता तो पाणी येणार नाही म्हणून नव्हे. तिथे कोणी बघितलंच नव्हतं म्हणून. आज बघितलं."

शामकला म्हणाली, "मॅडम, खरं सांगा. तुमाले किती भरोसा हाय?"

"कालच्यापेक्षा पुष्कळ," रचना म्हणाली. "पूर्ण नाही."

शामकला मुलांकडे वळून म्हणाली, "चला रे, शाळेत जाऊन राहिलो आपन. ताटल्या घ्या आपल्या." आणि दारातल्यांना, "पोट्टे तर मी घेऊन चालली. ज्याले यायचं त्यानं या. पानी नाही आलं तर उद्या मले नावं ठेवा."

मुलं निघाली म्हणून आया निघाल्या. आया निघाल्या म्हणून पीठ, डबे, अंथरुणं निघाली. म्हाताऱ्या सुलोचनाबाईंना दोन जणांनी खुर्चीसकट उचललं. त्या वाटभर म्हणत राहिल्या की चालता येते मले. बैल शाळेच्या मैदानात बांधले. पोळा चार दिवसांवर होता, बैलांची शिंगं रंगवायला काहींनी आधीच घासून ठेवली होती. रचना या घरातून त्या घरात जात होती, कोणाचं गाठोडं धरत होती, मधेच थांबून पूर्वेकडच्या पडीक शेतांकडे बघत होती. तिथे काही नव्हतं. झुडपं आणि पाऊस. पाणी यावं असं तर तिला वाटत नव्हतं. आणि नाही आलं तर या बायकांच्या तोंडाकडे कसं बघायचं, हेही कळत नव्हतं.

मनिराम आला नाही. त्याची गाय व्यायला झाली होती आणि उठत नव्हती.

दिवस मावळायला थोडा वेळ होता, तेव्हा पाणी आलं. आवाज न करता आलं. माणसं अजूनही पश्चिमेकडेच बघत होती आणि ते मागून, पडीक शेतांतून, गवत आडवं करत आलं. आधी अंगणवाडीच्या अंगणात चकाकलं, मग गल्लीत शिरलं, मग एकाएकी ओट्यांची कड दिसेनाशी झाली.

गजेंद्र शाळेच्या पायऱ्या उतरून पळाला. त्याच्यामागे आणखी तिघं. रचनाही दोन पायऱ्या उतरली, तेवढ्यात शामकलाने तिचा दंड धरला. "तुमाले पोवता येते का? नाही ना? मंग उभे राहा इथं."

मनिरामच्या गोठ्यात पाणी मांडीपर्यंत होतं. तो गाईच्या मानेखाली दोन्ही हात घालून तिचं तोंड पाण्याच्या वर धरून बसला होता. दाराचा एक पल्ला काढून तो गाईच्या पोटाखाली सरकवायला, दोर बांधायला आणि तिला ओढत चढावर आणायला चौघांना अंधार पडला. गाय वाचली. वासरू मेलेलंच जन्मलं.

शाळेत दोन खोल्यांमध्ये सगळा टोला मावला. माणसं मोजून झाली, सगळी होती. मनिराम ओल्या कपड्यांत व्हरांड्यात गाईजवळ बसला. गजेंद्र त्याच्या बाजूला जाऊन बसला. मग मनिरामने विचारलं, "तुमी कुठचे?"

"कामठ्याचा."

"घरी हाय का जनावरं?"

"दोन म्हशी हायत. एक गाय."

मनिरामने मान हलवली. रचना खांबाशी उभी राहून हे ऐकत होती. तिला वाटलं, नकाशा एक दिवस आधी दुरुस्त झाला असता, तर गाय उभी असतानाच तिला चालवत आणता आलं असतं. हा विचार पुढे पुष्कळ दिवस तिची पाठ सोडणार नव्हता.

*

सप्टेंबरात रहांगडाले सरांनी बैठकीत उभं राहून सांगितलं, की जूनचा नकाशा चुकीचा होता आणि चूक आपल्या विभागाची होती. कोणाचंही नाव घेतलं नाही. कोणीतरी टोमणा मारला, तो त्यांनी ऐकून घेतला. परत आल्यावर ते रचनाला म्हणाले, "आता जिल्ह्यातले बाकीचे तलाव. जे जे या प्रोग्रामवर केलं ते सगळं परत काढ."

तिने काढलं. प्रत्येक तलाव आधी आठ कॉम्प्युटरांवर, मग एकट्या कॉम्प्युटरवर, आणि दोन्ही उत्तरं जुळेपर्यंत ती पुढे सरकत नव्हती. ओळ आली की किती आकडे आले हे आता प्रोग्राम स्वतःच विचारायचा, आणि एकही कमी असला की थांबायचा. गजेंद्र पूर्वीसारखा हसतखेळत नव्हता, पण सकाळी तिच्या आधी येऊन बसायचा. "आज कुठला?" एवढंच विचारायचा. एका तलावाच्या नकाशात पाण्याखाली जाणारे आणखी दोन टोले सापडले. दुसऱ्या एकात काही फरक निघाला नाही. तरी रचनाने तो पुन्हा चालवला.

"जुळलं ना, यार," गजेंद्र म्हणाला.

"जुळलं. पण दोन्ही उत्तरं चुकली असतील तर?"

घरी आई म्हणायची, पोरगी झोपेत बी कूस बदलत राहते.

धान कापणीला आलं तेव्हा दोघं हिरडीटोल्याला गेले. अंगणवाडीच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीची रेघ मारायची असं ठरलं होतं, म्हणजे पुढे इशारा आला तर पाणी कुठवर येऊ शकतं हे कोणालाही बघून कळेल. शामकलाने गावातल्या एका रंगाऱ्याला बोलावून ठेवलं होतं. मनिराम रेघ सरळ धरायला दोरी घेऊन आला होता. रचनाने नव्या नकाशातला आकडा बघून टेप लावला आणि भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. रंगाऱ्याने लाल रंगात ब्रश बुडवला.

"थांबा," ती म्हणाली.

सगळे थांबले. तिने खुणेला टेप पुन्हा लावून बघितला.

"बरोबर हाय ती," गजेंद्र हळूच म्हणाला. "चारदा मोजली आपन."

"हो," रचना म्हणाली. आणि रंगाऱ्याला, "भाऊ, यापेक्षा हातभर वर काढा."

रंगाऱ्याने शामकलाकडे बघितलं. शामकलाने स्टूल पुढे सरकवलं आणि तो त्यावर चढला.